लाईट गेली की सोलरही बंद?

मोबाइलवर त्या जाहिराती तुम्हालाही दिसत असतील. गच्चीवर निळीशार पॅनेलं, खाली हसरं कुटुंब आणि मोठ्या अक्षरांत 'वीजबिल शून्य!' काही जाहिराती आणखी पुढे जातात आणि लोडशेडिंगला कायमचा रामराम ठोकायला सांगतात.

बिलाची गोष्ट बऱ्याच घरांत खरी होऊ शकते. लोडशेडिंगची गोष्ट मात्र, ज्या पद्धतीने आपल्याकडे बहुतेक घरांवर सोलर बसतं त्या पद्धतीत, खरी नाही. दुपारचे बारा वाजलेत, ऊन रणरणतंय, गच्चीवर तीन किलोवॅटची पॅनेलं तापतायत. रस्त्यावरची लाईट गेली की तुमच्या हॉलमधला पंखाही थांबतो. वीज तुमच्याच डोक्यावर तयार होऊ शकत असते आणि तुम्ही वर्तमानपत्राने वारा घेत बसता.

हे ऐकल्यावर बहुतेकांना वाटतं की कुणीतरी फसवलं. पण यात फसवणूक नाही, विचार करून केलेली सोय आहे. अनुदान घेऊन घरांवर बसतं ते बहुतांशी 'ऑन-ग्रिड' सोलर असतं. ग्रिड म्हणजे तारा, डीपी, सबस्टेशन हे सगळं जाळं. पॅनेलमधून येणारी वीज डीसी असते. इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि बाहेरून येणाऱ्या विजेच्या तालावर चालवतो. आपल्याकडे हा ताल सेकंदाला ५० आवर्तनांचा. बाहेरचा ताल थांबला की हा इन्व्हर्टर लगेच बंद पडतो, आणि बंद पडायलाच हवा. कारण लाईट गेली म्हणजे कुणीतरी वायरमन खांबावर चढलेला असण्याची शक्यता असते. तार मेलेली आहे असं समजून तो हात घालणार, आणि त्याच वेळी तुमच्या गच्चीवरून त्या तारेत वीज जाऊ लागली तर? म्हणून हा नियम. तो मोडून 'जुगाड करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मग दिवसभर तयार होणाऱ्या विजेचं होतं काय? शेजारणीकडे वाटीभर साखर द्यायची आणि लागेल तेव्हा परत आणायची, तसा हा व्यवहार आहे. दुपारी घरात माणसं नसतात, फ्रिज तेवढा चालू असतो. जास्तीची वीज तारेतून बाहेर जाते आणि मीटर ती मोजतो. रात्री पंखे, टीव्ही, मिक्सर चालतात तेव्हा आपण बाहेरून वीज घेतो, तीही मोजली जाते. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचं बिल. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. म्हणजे सोलर बसवल्यावर तुमचं बेस्कॉमशी किंवा महावितरणशी नातं तुटत नाही. आतापर्यंत नुसतं घेणं होतं, आता देणंघेणं सुरू होतं.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. शेजारीण साखरेच्या बदल्यात साखर देते, वीज कंपनी मात्र काही अंशीच. हिशेब संपल्यावर तुमच्याकडून जास्तीची जी युनिटं उरतात त्यांचा भाव नियामक आयोग ठरवतो, आणि तो तुम्ही विकत घेता त्या भावापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे 'मोठं लावा, वीज विकून कमवा' हे घरगुती ग्राहकाच्या बाबतीत फारसं जमत नाही. जेवढी भूक तेवढाच स्वयंपाक.

तर सोलरचा विचार करताना स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा: तुम्हाला त्रास कशाचा आहे, बिलाचा की लाईट जाण्याचा? दुखणी दोन आहेत आणि औषधंही वेगळी. मला तर वाटतं, सोलर लावून नाराज झालेल्या घरांपैकी निम्म्यांनी तरी एकाचं औषध दुसऱ्यासाठी घेतलेलं असावं.

आधी लाईट जाण्याचं बघू, कारण बंगळुरूत घरून काम करणाऱ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच देखभालीसाठी वीज बंद, असा मेसेज आला की मीटिंगचं काय, याची धाकधूक सुरू. पण खरोखर किती वीज लागते ते मोजून पाहिलंय का? कमी वॅटचे चार पंखे म्हणजे साधारण १२० वॅट, एलईडी दिवे ५०, वायफाय १५, लॅपटॉप ६०. सगळं मिळून २५० वॅटच्या आत. तीन तास लाईट गेली तर पाऊण युनिट. आपल्या घरात कोपऱ्यात असते ती १५० एएचची बॅटरी (महाराष्ट्रात तिला इन्व्हर्टर म्हणतात, इथे बंगळुरूत सगळे यूपीएस म्हणतात) कागदावर १.८ युनिट साठवते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, तरीही पाऊण युनिट तिच्यातून सहज निघतं. म्हणजे फक्त खंडित विजेचा त्रास असेल तर गच्चीभर पॅनेल लावायची गरजच नाही. आहे ती बॅटरी नीट ठेवा, तिचं पाणी वेळेवर बघा. फार तर ती चार्ज करायला एखादं-दुसरं पॅनेल जोडा.

'मग एवढंच कशाला, मोठ्या बॅटऱ्या लावून ग्रिडच सोडून देऊ' असं काहींच्या मनात येतं. मीटरच काढून टाकायचा, स्वतःच्या विजेवर राहायचं. ऐकायला भारी वाटतं. जरा आकडेमोड करू. चौघांच्या घराला दिवसाला १० युनिट लागतात असं धरा. जुलै-ऑगस्टमध्ये बंगळुरूचं आभाळ दिवसेंदिवस भरलेलं असतं, कोकणाचं तर विचारूच नका. तीन ढगाळ दिवस काढायचे तर ३० युनिटांचा साठा हवा. मघाच्या १५० एएचच्या बॅटऱ्यांत मोजलं तर १७ बॅटऱ्या, आणि निम्म्याच वापरायच्या म्हटलं तर तीसच्या वर! शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या चार-पाच वर्षांत बदलाव्या लागतात. लिथियमच्या जास्त टिकतात, पण खिसाही तसाच लागतो. ज्या घराच्या दारातून वीजवाहिनी जाते त्या घराने हा खर्च का करावा, याचं उत्तर मला अजून कुणी पटेल असं दिलेलं नाही. डोंगरातल्या एकट्या वस्तीची, शेतावरच्या घराची गोष्ट वेगळी.

बिहारमधल्या धरनई गावाची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. जहानाबाद जिल्ह्यातल्या या गावात वर्षानुवर्षं वीज नव्हती. जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस या संस्थेने तिथे १०० किलोवॅटची सौर यंत्रणा उभी केली, बॅटऱ्यांसकट, ग्रिडपासून स्वतंत्र. देशभर कौतुक झालं. पण त्या विजेवर दिवे, पंखे चालायचे, फ्रिज वगैरे जड उपकरणं लावायला मनाई होती. लोक लवकरच 'खरी वीज' मागू लागले. काही काळातच ग्रिडची वीज गावात आली, तीही सौर विजेपेक्षा स्वस्त. पुढे बॅटऱ्या संपल्या, दुरुस्ती कुणी केली नाही, आणि ज्या जागेत ते केंद्र होतं तिथे गुरं बांधली जाऊ लागली. पॅनेल वाईट नव्हती. घर चालवायला जेवढी आणि जेव्हा वीज लागते तेवढी ती एकट्याने पुरवू शकत नव्हती, इतकंच.

याच्या उलट गुजरातचं मोढेरा, सूर्यमंदिराचं गाव. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारं देशातलं पहिलं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे हजाराहून जास्त घरांवर एकेक किलोवॅटची पॅनेलं आहेत, पण रात्रीची सोय घराघरात बॅटऱ्या ठेवून केलेली नाही. जवळच सुज्जनपुरा इथे मोठा सौर प्रकल्प आणि मोठा बॅटरीसाठा आहे, सगळ्यांसाठी एकच. आपल्या सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम ठरली, तीही घराघरांच्या छपरांवरच्या पॅनेलांमुळे. एकट्याने सगळं साठवण्यापेक्षा जाळ्यात राहून वाटून घेणं स्वस्त पडतं.

आता बिल. इथे मात्र सोलर खरोखर कामाला येतं, पण सगळ्यांना सारखं नाही.

साधा हिशेब असा. एक किलोवॅटला सावली न पडणारी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटं मिळतात. तीन किलोवॅट म्हणजे महिन्याला सुमारे ३६०. पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात केंद्राचं अनुदान दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये. त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा लावा, अनुदान तेवढंच. समजा सगळं मिळून तुमचा खर्च दोन लाख आला. अनुदान वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास पदरचे.

हे सव्वा लाख किती वर्षांत वसूल होतात ते तुम्ही कुठे राहता यावर आहे. बंगळुरूत घरगुती युनिटचा दर सहा रुपयांच्या आसपास, आणि एक युनिट वापरा नाहीतर पाचशे, सगळ्यांना तोच. ३६० युनिटं म्हणजे महिन्याला सव्वादोन हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे साधारण पाच वर्षं. महाराष्ट्रात महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. ३०० च्या वरचं युनिट बंगळुरूच्या युनिटच्या दुपटीहून महाग पडतं. त्यामुळे पुण्या-नागपुरात एसी लावणाऱ्या, ४००-५०० युनिटं जाळणाऱ्या घराचे पैसे बंगळुरूच्या घरापेक्षा बरेच आधी सुटतात. तीच पॅनेलं, तोच सूर्य, पण फायदा वेगळा. म्हणून बंगळुरूतल्या मित्राचा अनुभव ऐकून गावच्या घराचा निर्णय घेऊ नका, आणि गावचा ऐकून इथला तर अजिबात नको.

कर्नाटकात आणखी एक गोष्ट आहे, गृहज्योती. २०२३ च्या ऑगस्टपासून इथे महिना २०० युनिटांपर्यंतची घरगुती वीज मोफत आहे. मर्यादा प्रत्येकाची वेगळी: २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के. ज्या घराचं बिल आधीच शून्य येतं त्याने सव्वा लाख घालून काय वाचवायचं? पर्यावरणासाठी लावायचं असेल तर जरूर लावा, पण 'पाच वर्षांत पैसे वसूल' हे गणित त्या घराला लागू नाही, आणि विकायला येणारा माणूस हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि हो, मंजूर भारावरचा स्थिर आकार सोलर लावल्यावरही येतोच. 'शून्य बिल' म्हणजे पुष्कळदा शून्य युनिटांचं बिल.

सोलरच्या आधी करायच्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांची जाहिरात कुणी करत नाही. पहिली पंख्यांची. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज दहा तास चालले तर महिन्याला ५४ युनिटांचा फरक पडतो. दुसरी अंघोळीच्या पाण्याची. दोन किलोवॅटचा गिझर माणशी पंधरा मिनिटं चालला तर चौघांच्या घरात दिवसाला २ युनिटं, महिन्याला ६०. दोन्ही मिळून शंभराच्या वर! एवढी वीज तयार करायला जवळजवळ एक किलोवॅटची पॅनेलं लागतील.

पाण्याच्या बाबतीत बंगळुरू फार पुढे आहे, हे इथल्या गच्च्यांवर नजर टाकली तरी कळतं. काळ्या टाक्यांच्या शेजारी तिरप्या काचांच्या नळ्या घरोघर दिसतात. बेस्कॉमने नव्या घरांना वीजजोडणी देताना सोलर वॉटर हीटरची अट घातली आणि वापरणाऱ्यांना बिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सवलत दिली. इथे सकाळी थंडी वर्षातले बरेच महिने असते, त्यामुळे लोकांनाही ते पटलं. उन्हाने थेट पाणी तापवणं हे उन्हाची वीज करून मग गिझर लावण्यापेक्षा कमी जागेत होतं. तुमच्या गच्चीवर जागा थोडी असेल तर आधी हीटर, मग पॅनेल, असं माझं मत.

गरज आधी बघायची, यंत्र नंतर, ही पद्धतही याच शहराने शिकवली असं म्हणायला हरकत नाही. हरीश हांडे यांची सेल्को ही कंपनी १९९५ मध्ये बंगळुरूत सुरू झाली. खेड्यातल्या ग्राहकाला किती दिवे हवेत, कुठे हवेत, पैसे रोज सुटतात की हंगामाला, हे विचारून त्याप्रमाणे छोटी यंत्रणा बसवायची आणि बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, असं त्यांचं काम. हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिवणाचं मशीन चालवणाऱ्या बाईला आणि रात्री भाजी विकणाऱ्याला एकच किट विकून चालत नाही. आपल्या गच्चीचंही तसंच आहे.

गच्चीवरून आठवलं. सोलरचा बंगळुरूतला खरा शत्रू पाऊस नाही, सावली आहे. हवामान इथलं पॅनेलला मानवतं. पॅनेल तापलं की त्याचं उत्पादन घटतं, दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के, म्हणून नागपूरच्या मे महिन्यापेक्षा बंगळुरूचं सौम्य ऊन बरं. पण ३० बाय ४० चा प्लॉट, एका बाजूला नारळ, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा नवा चौथा मजला! एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर जरी सावली पडली तरी सगळ्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं. म्हणून बसवणाऱ्याला सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार अशा तीन वेळांना गच्चीवर सावली कुठे पडते ते बघायला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांबतात, तेही धरा. दक्षिणेकडच्या प्लॉटवर अजून बांधकाम झालं नसेल तर शेजाऱ्याला सरळ विचारा, 'किती मजले चढवणार आहात?' विचारायला थोडं अवघड वाटेल, पण पॅनेलांचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरलेलं असतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. तिथे वाळवणं असतात, डिश अँटेना असतात आणि 'आमच्या फ्लॅटवर गळती होईल' म्हणणारे सर्वात वरच्या मजल्यावरचे काका असतात. (काकांचं अगदीच चूक नाही. स्लॅबला भोकं न पाडता वजनावर उभी राहणारी चौकट मागा.) पण सोसायटीने एकत्र येऊन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोलर लावलं तर त्याच योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पंप दिवसा चालवला, म्हणजे टाकी रात्रीऐवजी दुपारी भरली, की वीज बाहेर पाठवायची वेळच येत नाही, तिथल्या तिथे वापरली जाते. मेंटेनन्स कमी होतो तो सगळ्यांचाच. माझ्यासारख्या भाड्याने राहणाऱ्यांच्या हातात मात्र सध्या पंखे बदलणं एवढंच आहे, तेही जाताना काढून नेता येतील असे!

घरमालक असाल आणि सगळा हिशेब जुळत असेल तर पुढचं काम सरकारी पोर्टलवरूनच करा. पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी होते, तिथूनच नोंदणीकृत विक्रेता निवडायचा असतो, आणि अनुदान यंत्रणा चालू झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येतं. त्यामुळे 'अनुदान मंजूर करून देतो, आधी एवढे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. गावाकडे आई-बाबांनाही हे सांगून ठेवा. निवृत्तीचे पैसे आले की असे फोन त्यांनाच जास्त येतात. अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सेलची असावी लागतात, ते बिलावर लिहून घ्या. पॅनेलची हमी आणि इन्व्हर्टरची हमी वेगवेगळी असते आणि इन्व्हर्टर आधी खराब होतो, तेव्हा त्याची वर्षं नीट वाचा. लाईट गेल्यावरही काही दिवे-पंखे चालू राहायला हवे असतील तर हे सुरुवातीलाच सांगा. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी लागते. नंतर ठरवलं तर इन्व्हर्टरच बदलावा लागू शकतो.

आणि पहिलं बिल आलं की रक्कम बघण्याआधी दोन आकडे शोधा: बाहेरून घेतलेली युनिटं आणि बाहेर दिलेली युनिटं. दोन्ही वेगवेगळी छापलेली असायला हवीत. दुसरा आकडा दिसतच नसेल तर कदाचित दुतर्फा मीटर अजून नोंदलेलाच नाही, आणि तुमची दुपारची वीज शेजाऱ्यांना फुकट जातेय. त्याच आठवड्यात उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.